पानगळीच्या दिवसांतला घरचा नाश्ता: एक भोपळा, किलोभर सफरचंदं आणि एकदाच तापवलेला ओव्हन

सकाळी गारवा जाणवायला लागला, उजाडायला उशीर व्हायला लागला की नाश्त्याची भूकच बदलते. उन्हाळाभर फळं आणि गार दही खाऊन घराबाहेर पडणारी माणसं पण आता काहीतरी कोमट, दाटसर, दालचिनीचा वास सुटलेलं मागायला लागतात, आणि नेमकं याच दिवसांत अंथरुणातून निघवत नाही म्हणून सकाळचा वेळ सगळ्यात कमी पडतो. मग पाकिटं येतात घरात, ग्रॅनोलाचं (म्हणजे मध घालून भाजलेले ओट्स आणि सुकामेवा), बारचं, मफिनचं. एकदा पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यात साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर सापडते, आणि पुढे मध, सिरप अशी तीच गोष्ट वेगळ्या नावाने परत दोनदा येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, आणि 5 टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगलं, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. मधही त्यातच धरला जातो बरं का. म्हणून मी घरी करते, कारण किती गोड ते मी ठरवते आणि चवीतही काही कमी पडत नाही.

माझी पद्धत अशी आहे. शनिवारी संध्याकाळी भोपळा भाजून ठेवायचा आणि रविवारी ओव्हन एकदाच तापवून उतरत्या आचेवर एकामागून एक गोष्टी काढायच्या, आधी मफिन्स, मग बेक्ड ओट्स, मग ग्रॅनोला आणि सगळ्यात शेवटी सफरचंदाच्या चिप्स. ओव्हन गरम व्हायला वेळ लागतो, थंड व्हायलाही लागतो, त्या उरलेल्या उष्णतेचा उपयोग करून घेतला की आठवडाभराचा नाश्ता आणि मधल्या वेळचं खाणं एका दुपारीच उरकतं.

आधी ओलाव्याचं समजून घ्या

रेसिपी तंतोतंत पाळूनही मफिन मध्ये चिकट राहिलं, ग्रॅनोला दुसऱ्या दिवशी मऊ पडला, असं होतं तेव्हा दहातल्या आठ वेळा कारण पाणी असतं. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, सफरचंदात पंच्याऐंशीच्या आसपास, आणि प्रत्येक फळाचं थोडं वेगळं. त्यामुळे माझ्या भोपळ्याचा एक कप आणि तुमच्या भोपळ्याचा एक कप सारखा निघणारच नाही. या दिवसांतलं बेकिंग म्हणजे कुठे पाणी काढून टाकायचं आणि कुठे ठेवायचं याचा अंदाज, बाकी मापं सोपी आहेत. पुढे प्रत्येक ठिकाणी काय बघायचं, काय ऐकायचं ते लिहिते, कारण मिनिटांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

मापं सांगून ठेवते, कप म्हणजे 240 मिली, मोठा चमचा 15 मिली, छोटा चमचा 5 मिली. वजनकाटा असेल तर तोच वापरा, पीठ कपात दाबून भरलं की सहज 20-30 ग्रॅम जास्त जातं. आणि ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळाला तर नक्की घ्या, घरचे ओव्हन बटणावर दाखवतात त्यापेक्षा 10-20 डिग्री इकडेतिकडे असणं अगदी कॉमन आहे.

शनिवार संध्याकाळ: भोपळा

भोपळा लहान घ्या, दीड ते दोन किलोचा, हातात घेतला की आकारापेक्षा जड वाटणारा, देठ सुकलेलं आणि साल नखाने दाबली तर खड्डा न पडणारी. कोरून सजावटीला ठेवतात ते मोठे भोपळे खाता येतात पण ते तंतुमय आणि पाणचट असतात, मेहनत वाया जाते.

देठ बाजूला काढून उभा अर्धा कापा. साल टणक असते, सुरी घसरते, म्हणून खाली ओला कपडा अंथरा म्हणजे भोपळा हलणार नाही, आणि सुरीचं टोक आधी आत खुपसून मग दाबत खाली न्या. बिया चमच्याने खरवडून एका भांड्यात ठेवा, टाकू नका. एक छोटा तुकडा कच्चा चाखून बघा. कडू लागला तर तो भोपळा सरळ टाकून द्या, शिजवून कडवटपणा जात नाही आणि त्या कडूपणामागे असणारी कुकरबिटासिन नावाची द्रव्यं पोट बिघडवतात. असा भोपळा फार क्वचित निघतो, पण चाखायला पाच सेकंद लागतात.

ओव्हन 200 डिग्रीला. ट्रेवर बेकिंग पेपर, भोपळ्याचे अर्धे भाग कापलेली बाजू खाली करून ठेवा, तेल नको, पाणीही नको. 45 मिनिटं ते तासभर. साल सुरकुतून आत बसली, वरून बोट दाबलं की गादीसारखी दबली, आणि कडेला कागदावर तपकिरी चिकट थेंब दिसायला लागले की झालं. ते थेंब म्हणजे भोपळ्याची स्वतःची साखर आहे. उकडलेल्या भोपळ्यात हे होत नाही, उलट आणखी पाणी शिरतं, म्हणून उकडू नका असं मी आग्रहाने सांगेन.

कोमट झाला की साल हाताने सुटते. गर मिक्सरमधून फिरवा आणि मग चाळणीवर मलमलचा कपडा घालून त्यात ओता, खाली पातेलं, वरून झाकण, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पातेल्यात पिवळसर पाणी जमलेलं असतं, कधी चार चमचे तर कधी वाटीभर. कपड्यातली प्युरी चमच्यावर घेऊन चमचा उलटा केला तर लगेच पडायला नको, हीच परीक्षा. दीड किलोच्या भोपळ्यातून मला अडीच-तीन कप मिळते. निथळलेलं पाणी सूपमध्ये घाला, गोडसर असतं.

प्युरी फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आणि फ्रीजरमध्ये तीन महिने टिकते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, ही प्युरी बरणीत भरून, उकळत्या पाण्यात झाकण घट्ट करून, फळीवर ठेवायच्या फंदात पडू नका. जॅमला चालतं ते इथे चालत नाही. भोपळ्यात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि प्युरी इतकी दाट असते की मध्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही, अशा बंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, ते ना दिसतं ना त्याचा वास येतो. फ्रीजर वापरा.

बिया

बिया पाण्यात टाकून हाताने चोळा, गर खाली बसतो आणि बिया वर तरंगतात. मग मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, एक कप बियांना दोन कप पाणी आणि एक छोटा चमचा मीठ, म्हणजे मीठ आतपर्यंत जातं आणि टरफल चावायला नरम होतं. निथळून कपड्यावर पसरा आणि रात्रभर वाळू द्या, ओल्याच भाजल्या तर बाहेरून लाल आणि आतून चामड्यासारख्या होतात. रविवारी ग्रॅनोलाबरोबर 150 डिग्रीला, छोटा चमचाभर तेल चोळून, 25-30 मिनिटं. एक-दोन बिया तडतडल्या की काढा.

मसाला एकदाच करून ठेवा

तीन मोठे चमचे दालचिनी पूड, दोन छोटे चमचे सुंठ, एक छोटा चमचा जायफळ, अर्धा छोटा चमचा लवंग पूड. बस. हा डबा अशा साधारण दोन खेपांना पुरतो. जायफळ ताजं किसून घाला पण माप वाढवू नका, ते लगेच सगळ्यावर चढतं. दालचिनी रोज खाणार असाल तर सिलोन दालचिनी बघा, तिचं साल पातळ असतं, कागदाच्या गुंडाळीसारखे पुष्कळ पदर असतात आणि बोटांनी मोडतं. जाड, टणक, एकाच पदराची मिळते ती कॅसिया, तिचा वास जोरदार असतो पण तिच्यात कुमारिन बरंच जास्त असतं आणि ते रोज भरपूर प्रमाणात गेलं तर लिव्हरला चांगलं नाही. कधीमधी खायला कॅसियाची अडचण नाही.

रविवार: गॅसवर सफरचंदाचा सॉस, ओव्हनमध्ये मफिन्स

सॉस आधी गॅसवर चढवा, तो आपला आपण होतो. किलोभर सफरचंदं घ्या, थोडी आंबट थोडी गोड अशी मिसळून, एकाच जातीचा सॉस सपाट लागतो. मी सालं ठेवते, सालात पेक्टिन असतं, सॉस त्याने दाट होतो, आणि लाल सफरचंदं असतील तर रंग गुलाबी येतो. बिया आणि मधला भाग काढून फोडी करा, अर्धा कप पाणी, दालचिनीचा एक तुकडा, चिमूट मीठ, झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं. मग झाकण काढून पाच-सात मिनिटं पाणी उडवा. कालथा पातेल्याच्या तळातून फिरवला की मागे वाट दिसायला हवी आणि ती हळूहळू बुजायला हवी. दालचिनीचा तुकडा काढा, छोटा चमचाभर लिंबाचा रस घाला, फिरवा. साखर घालू नका, आधी गार करून चाखा, गरम असताना गोडी कमी लागते आणि मग हात साखरेकडे जातो. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो.

सफरचंदांबद्दल आणखी एक, ती भाज्यांबरोबर एकाच ड्रॉवरमध्ये ठेवू नका, सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते.

आता मफिन्स. गव्हाचं पीठ 200 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, बेकिंग सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, आपला मसाला दोन छोटे चमचे, हे सगळं एका भांड्यात कोरडं मिसळा. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, 100 ग्रॅम ब्राऊन शुगर, 80 मिली तेल, 80 मिली दूध आणि निथळलेली प्युरी 240 ग्रॅम, म्हणजे एक कप, नीट फेटा. अंडं नको असेल तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा अळशीची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घ्या, मफिन थोडं कमी फुगतं पण चव छान येते.

ओलं कोरड्यात ओता आणि कालथ्याने खालून वर असं फक्त दहा-बारा वेळा फिरवा. पिठाच्या एक-दोन रेघा दिसल्या तरी थांबा. जास्त घोटलं की ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि मफिन चिवट होतं, आत उभी लांब भोकं पडतात. मग भांडं तसंच दहा मिनिटं ठेवून द्या. ही पायरी बऱ्याच रेसिपींमध्ये नसते पण गव्हाच्या पिठाला कोंडा असतो, तो पाणी सावकाश पितो, थांबलं नाही तर मफिन खरखरीत लागतं. दहा मिनिटांनी मिश्रण चमच्यावरून गोळ्यागोळ्याने पडायला हवं, धार लागली तर प्युरीत पाणी जास्त होतं, मग दोन मोठे चमचे पीठ हलक्या हाताने मिसळा.

बारा कपांत भरा, ओव्हन 200 डिग्रीला तापलेला असू दे, पहिली पाच मिनिटं 200 आणि मग दार न उघडता 180 वर पुढची 13 ते 16 मिनिटं. सुरुवातीच्या जोरदार उष्णतेने वर घुमट येतो. टूथपिक मध्यात टोचा, एक-दोन ओलसर कण चिकटलेले चालतात, ओलं मिश्रण चालत नाही. पाच मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवा, साच्यातच राहिली तर खालून घाम सुटतो आणि बूड ओलं होतं.

बारा मफिन्समध्ये 100 ग्रॅम साखर म्हणजे एकात आठ ग्रॅमच्या आसपास, दोन चमचे. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी 150 ग्रॅमपासून सुरू केलं होतं आणि दर खेपेला दहा-दहा ग्रॅम कमी करत 100 वर आले, कोणाला कळलंही नाही. एकदम अर्ध्यावर आणलं असतं तर घरातल्यांनी बाजूला सारलं असतं हे नक्की, जिभेला सवय बदलायला थोडा वेळ द्यावा लागतो.

बेक्ड ओट्स

मफिन्स बाहेर, ओव्हन 180 वरच. 20 सेंटीमीटरच्या चौकोनी भांड्याला बटर लावा. रोल्ड ओट्स 200 ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, मसाला दीड छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, अर्धा कप तुकडे केलेले अक्रोड. दुसरीकडे 400 मिली दूध, एक अंडं, अर्धा कप सफरचंदाचा सॉस, दोन मोठे चमचे मध किंवा मेपल सिरप, दोन मोठे चमचे वितळलेलं बटर. एक सफरचंद बारीक चिरून भांड्याच्या तळाशी पसरा, त्यावर कोरडं, त्यावर ओलं ओता आणि काट्याने थोडं टोचून दूध खालपर्यंत जाऊ द्या. 40 मिनिटं. कडा सुटलेल्या, मध्य हलवला तर थरथरणारा नाही, थोडा दबून परत वर येणारा. सहा जणांचा नाश्ता होतो.

ओट्स रोल्डच घ्या, इन्स्टंटचा लगदा होतो आणि स्टील कट एवढ्या वेळात शिजत नाहीत. ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, दिवसाला त्याचे 3 ग्रॅम पोटात गेले तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, 1997 साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली ती याच आधारावर. ग्लूटेन चालत नसेल अशा माणसासाठी करत असाल तर पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बघा, ओट्सची प्रक्रिया बऱ्याचदा गव्हाच्याच यंत्रांवर होते.

ग्रॅनोला, इथे घाई नको

बेक्ड ओट्स बाहेर आले की ओव्हन 150 वर आणा आणि दार दोन मिनिटं उघडं ठेवा म्हणजे खरंच उतरेल.

रोल्ड ओट्स 300 ग्रॅम, जाडसर चिरलेले बदाम 120 ग्रॅम, सोललेल्या भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया अर्धा कप, मसाला दोन छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा. मीठ वगळू नका, त्यानेच कमी साखरेत गोडी उठून येते. ओल्यासाठी 60 मिली तेल, 80 मिली मध किंवा मेपल सिरप आणि भोपळ्याची प्युरी एक तृतीयांश कप, हे सगळं गुळगुळीत फेटून ओट्सवर ओता आणि हाताने चोळा. प्रत्येक ओट ओलसर चमकला पाहिजे, भांड्याच्या तळाशी कोरडं पीठ उरायला नको. गुठळ्या जास्त आवडत असतील तर एका अंड्याचा पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटून मिसळा, तो भाजताना घट्ट होतो आणि ओट्सना धरून ठेवतो.

ट्रे मोठा हवा. जाड थर दिला की खालच्या थराची वाफ वर अडकते आणि ग्रॅनोला भाजायच्या ऐवजी शिजतो, सेंटीमीटरभर थर पुरे, नाहीतर दोन ट्रे करा. एकूण 45 ते 55 मिनिटं लागतात, पहिला अर्धा तास दर पंधरा मिनिटांनी कडेचं मध्ये आणि मधलं कडेला करा, कारण कडा आधी लाल होतात. सुरुवातीला ओव्हनच्या काचेवर आतून धुकं धरलेलं दिसेल, ती प्युरीतल्या पाण्याची वाफ आहे, काच स्वच्छ दिसायला लागली की बहुतेक पाणी गेलं. आणि आवाज ऐका. ओला ग्रॅनोला चमच्याने ढकलला तर मुका सरकतो, वाळत आला की ट्रेवर खुळखुळतो, वाळक्या पानांवरून चालल्यासारखा. मी या आवाजावरच जास्त भरवसा ठेवते.

पण ओव्हनमधून काढताना तो मऊच लागणार, घाबरून आणखी भाजू नका, गरम असेपर्यंत साखर वितळलेली असते, गार झाली की कडक होते. खात्री करायची तर चमचाभर ग्रॅनोला थंड ताटलीत पाच मिनिटं ठेवा आणि खाऊन बघा. कुरकुरीत लागला की ट्रे बाहेर काढा, कालथ्याने वरून दाबून सपाट करा आणि मग पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे किमान तासभर, त्याला हात लावू नका, गुठळ्या याच वेळात धरतात. मनुका, सुके क्रॅनबेरी, जर्दाळू हे सगळं गार झाल्यावर, ओव्हनमध्ये घातले की ते खड्यासारखे कडक आणि कडू होतात. अक्रोड घालायचे असतील तर शेवटच्या वीस मिनिटांत, त्यांच्यात तेल जास्त असल्याने लवकर जळतात.

बरणीत भरायची घाई मी एकदा केली होती, वरून गार वाटला म्हणून कोमटच भरला, दुसऱ्या दिवशी झाकणाच्या आत पाण्याचे थेंब आणि ग्रॅनोला चामट. परत 150 वर दहा मिनिटं ठेवून वाचवला, हा उपाय लक्षात ठेवा, मऊ पडलेला ग्रॅनोला टाकायची गरज नसते. नीट वाळवलेला हवाबंद बरणीत दोन आठवडे मस्त राहतो.

मध घातलेलं काहीही एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका, भाजलेलं असलं तरी नाही. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे किंवा मोठे तुकडे असलेले नट्स देऊ नका, घशात अडकतात, त्यांच्यासाठी नट्सची पूड घालून वेगळा छोटा ट्रे करा.

चिप्स

ओव्हन 100 डिग्री. सफरचंद न सोलता 2-3 मिलीमीटरच्या आडव्या चकत्या, सगळ्या एका जाडीच्या, नाहीतर पातळ करपतात आणि जाड ओल्या राहतात. लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून पुसा, म्हणजे तपकिरी होत नाहीत. एकमेकीला न चिकटवता पसरा, वर दालचिनी, तास झाला की उलटा, एकूण दोन तास. मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या.

नट बटर आणि गोळे

250 ग्रॅम बदाम 170 डिग्रीला दहा-बारा मिनिटं भाजा, हे मी शनिवारी भोपळ्यानंतर ओव्हन उतरत असताना करून टाकते. रविवारी परत हलकेच कोमट करून मिक्सरमध्ये, कारण कोमट बदामाचं तेल पटकन सुटतं. आधी पूड होते, मग कडेला चिकटणारा ओलसर भुगा, मग एक मोठा गोळा भांड्यात गरगर फिरतो आणि इथे सगळे हार मानतात. मिक्सर गरम झाला असेल तर पाच मिनिटं थांबा, कडा खरवडा, परत फिरवा. दहा-पंधरा मिनिटांत गोळा एकदम मोडतो आणि चकचकीत पातळ बटर होतं. पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, भांडं पूर्ण कोरडं हवं, आणि मधही या वेळी घालू नका, मधातल्या पाण्याने बटर लगेच आवळून घट्ट गोळा होतं. फ्रिजमध्ये महिनाभर.

पण तेच आवळणं गोळ्यांसाठी उपयोगाचं आहे. 100 ग्रॅम ओट्स तव्यावर पाच मिनिटं कोरडे भाजून जाडसर फिरवा, त्यात आठ-दहा मऊ खजूर, अर्धा कप नट बटर, दोन मोठे चमचे भाजलेल्या बिया, छोटा चमचा मसाला, चिमूट मीठ. मुठीत दाबलं की धरलं पाहिजे. सुटत असेल तर छोटा छोटा चमचा सफरचंदाचा सॉस घाला, एकदम जास्त नको. पंधरा-सोळा गोळे होतात, फ्रिजमध्ये दहा दिवस. दुपारी चार वाजता येणाऱ्या भुकेला एक पुरतो, दुसरा घ्यावासा वाटतो तो चवीसाठी.

सकाळी

वेळ अजिबात नसेल त्या दिवसासाठी आदल्या रात्री अर्धा कप ओट्स, पाऊण कप दूध, दोन मोठे चमचे प्युरी आणि चिमूट मसाला बरणीत ढवळून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वरून मूठभर ग्रॅनोला. भोपळ्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा असतो आणि ते शरीरात नीट शोषलं जायला थोडी चरबी लागते, म्हणून साय काढलेलं दूध असेल तर नट बटरचा एक चमचा त्यात ढवळा. गार नको असेल तर पातेल्यात तीन मिनिटं गरम करा.

बेक्ड ओट्सचे चौकोन फ्रिजमध्ये चार दिवस राहतात. मफिन्स बाहेर दोन दिवस, तेही झाकणाखाली पेपर टॉवेल घालून, कारण भोपळ्याच्या मफिनचा वरचा भाग दुसऱ्या दिवशी चिकट होतो आणि तो कागद तो ओलावा ओढून घेतो. त्यापेक्षा सहा खायला ठेवा आणि सहा त्याच दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका, तीन महिने चांगली राहतात. पिशवीवर तारीख लिहा. खायच्या दिवशी गोठलेलंच मफिन 160 डिग्रीला बारा मिनिटं गरम करा, कवच परत कुरकुरीत येतं, मायक्रोवेव्हमध्ये 40 सेकंदांत मऊ होतं पण ते लगेच खायचं, ठेवलं की वातड होतं. प्युरी उरली असेल तर पाव-पाव कपाचे ढीग ट्रेवर घालून गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे ओट्ससाठी हवा तेव्हा एक ढीग काढता येतो. मफिनसाठी काढाल तेव्हा मात्र वितळल्यावर परत एकदा कपड्यातून निथळून घ्या, गोठून सुटली की तिला पुन्हा पाणी सुटतं.